पत्रातली ती एक ओळ

या वेळचं पत्र ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीहून आलं आहे. मोठं आहे, म्हणून थोडक्यात देते.

“ताई, नमस्कार. मला तूच म्हणा. मी ३१ वर्षांची आहे, इंजिनीअर. ऐरोलीच्या एका कंपनीत डेटा इंजिनीअर म्हणून काम करते. आठ वर्षांचा अनुभव, वर्षाला २४ लाख पगार. कासारवडवलीला स्वतःचा फ्लॅट आहे, महिन्याला ५९ हजारांचा हप्ता. मेट्रो येणार म्हणून इथे घर घेतलं आणि पाच वर्षं तिच्या खांबांखालून जाते आहे. सकाळी माजिवड्यापर्यंतच पाऊण तास जातो, पुढे कळवा-विटावा करत ऐरोली. पावसाळ्यात दोन-दोन तास. घरी येते तेव्हा रात्रीचे नऊ झालेले असतात, त्यानंतर परदेशातल्या क्लायंटचे कॉल. आता मूल हवं आहे, पण या धुळीत आणि या धावपळीत ते कसं वाढवायचं? माझ्या टीममधले तिघे दोन वर्षांत बाहेर गेले. एक एजंट म्हणतो, साडेतीन लाखांत कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, नक्की करून देतो, नाहीतर जर्मनीचं अपॉर्च्युनिटी कार्ड. उशीर केलास तर वयाचे गुण कमी होतील म्हणतो. नवरा फिजिओथेरपिस्ट आहे, मानपाड्याला त्याचं छोटं क्लिनिक आहे, त्याला तिकडे मिळेलच काहीतरी. सासू-सासरे कळव्याला असतात, माझे आईबाबा चिपळूणला. २०२१च्या पुरात त्यांनी रात्र माळ्यावर काढली, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. घरात कुणालाच अजून सांगितलेलं नाही, नवऱ्याशीसुद्धा नीट बोलणं झालेलं नाही. जाऊ की नको, एवढंच सांगा.”

अगं, तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. रस्ता, धूळ, हप्ता, कॉल, एजंटचे दर, सगळं तू बारकाईने लिहिलं आहेस. माजिवड्याच्या सिग्नलला किती वेळ जातो हेसुद्धा. आणि नवऱ्याबद्दल अख्ख्या पत्रात एक ओळ: त्याला तिकडे मिळेलच काहीतरी. तिसऱ्यांदा वाचताना मी तिथेच अडकले, कारण अशीच एक ओळ एकदा माझ्याबद्दल बोलली गेली होती.

२००२ साल. जर्मनीत मार्क जाऊन युरोच्या नोटा नुकत्याच हातात आल्या होत्या. जर्मनीने २००० साली बाहेरच्या संगणक तज्ज्ञांसाठी पाच वर्षांच्या बोलीवर ग्रीन कार्ड योजना काढली होती. त्यातून माझ्या नवऱ्याला श्टुटगार्टजवळच्या एका गावात नोकरी लागली. मी तेव्हा नौपाड्यात एका बँकेत कॅश काउंटरला होते, सात वर्षं झाली होती. सासऱ्यांनी विचारलं, “हिच्या नोकरीचं काय?” नवरा म्हणाला, “तिला मिळेल तिकडे काहीतरी.” मीही मान डोलावली आणि राजीनामा देऊन आले.

तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात खातं उघडायला बँकेत गेलो. काउंटरपलीकडे माझ्याच वयाची मुलगी. तिने नवऱ्याला व्यवसाय विचारला, टाइप केला. मग माझ्याकडे एकदा बघितलं आणि माझ्याबद्दलही त्यालाच विचारलं. तो तोंड उघडायच्या आत तिने ‘हाउसफ्राउ’ टाइप करून टाकलं होतं. हाउसफ्राउ म्हणजे गृहिणी. त्या शब्दात कमीपणा काही नाही, माझी आई जन्मभर गृहिणीच होती. पण त्या मुलीने आमचे पैसे मोजायला घेतले तेव्हा मी तिच्या बोटांकडे बघत होते. एकेक नोट टेबलावर ठेवत मोजत होती. आमच्या शाखेत एवढ्या वेळात दोन बंडलं मोजून झाली असती. हे कुणाला सांगायचं म्हटलं तर माझ्याकडे भाषा नव्हती, आणि सुरुवातीला कामाची परवानगीही नव्हती.

त्या भागात ‘केअरवोखे’ नावाची एक पद्धत आहे. इमारतीचा जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने एकेका घराकडे येते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवतात. खरं सांगते, पहिली दीड वर्षं मी त्या पाटीची वाट बघायचे. तेवढा एक आठवडा माझ्याकडून कुणाला तरी काहीतरी हवं असायचं. मी जिना इतका घासायचे की खालच्या मजल्यावरच्या आजी एकदा वर येऊन हातानेच ‘पुरे गं’ म्हणून गेल्या. नवरा चांगला होता, आजही आहे. तो साडेपाचला घरी यायचा, खुशीत असायचा. ज्या आयुष्यासाठी गेलो होतो ते त्याला पहिल्या महिन्यातच मिळालं. मला मिळायला तीन वर्षं लागली. आधी भाषा, मग परवानगी, मग एका छोट्या दुकानात हिशेबाचं अर्धवेळ काम. आणि मग जमलं, तर पुढच्या दोन वर्षांत परत यायची वेळ आली.

तुला उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे टांगून ठेवल्यासारखं होणार नाही. माझं मत ‘जा’ असं आहे. तुझं वय, तुझा अनुभव आणि तुझं काम यांना बाहेर मागणी आहे, आणि तुला जे हवं आहे त्यातलं बरंच तिकडे खरोखर मिळतं. पण या एजंटच्या हातून नको. आणि नवऱ्याची ती ओळ पुसून तिच्या जागी एक पूर्ण पान लिहून होत नाही तोवर नको.

आधी तुझ्या तक्रारींचं बघू. प्रवास हे एकच कारण असतं तर मी तुला म्हटलं असतं, घोडबंदरचा फ्लॅट भाड्याने दे आणि ऐरोलीत भाड्याने घर घे. चालत ऑफिसला जाशील. मानपाड्याला यायचा त्रास मग नवऱ्याला होईल, पण त्याची वेळ त्याच्या हातात आहे, तो अकराला निघू शकतो. हा उपाय तुला सुचला नसेल असं नाही. तू तो केला नाहीस, यावरूनच मला कळतं की दुखणं नुसत्या रस्त्याचं नाही. तुला संध्याकाळ हवी आहे. मुलाला घेऊन बाहेर पडावं आणि चालायला फूटपाथ असावा असं वाटतं. आजारी पडल्यावर मॅनेजरला अपराधी तोंडाने मेसेज करायला लागू नये असं वाटतं. हे मागणं रास्त आहे आणि त्यासाठी देश सोडावासा वाटणं यात लाजण्यासारखं काहीही नाही. ‘इथे काय कमी आहे’ म्हणणाऱ्या काकांनी एकदा तुझ्याबरोबर सकाळी आठला घोडबंदर रोडला यावं.

जर्मनीत यातलं काय मिळतं ते सांगते, कारण ते मी राहून बघितलं आहे आणि अजूनही तिथल्यांशी बोलणं असतं. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान २० दिवस भरपगारी सुट्टी कायद्यानेच आहे आणि बऱ्याच कंपन्या ३० पर्यंत देतात. आजारी पडलीस तर पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते आणि ते दिवस सुट्टीतून कापत नाहीत. मूल झालं तर बाळंतपणाच्या रजेनंतर एल्टर्नगेल्ड नावाचा भत्ता असतो, साधारण हातात येणाऱ्या पगाराच्या ६५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,८०० युरो. दोघांनी वाटून घेतला तर मिळून १४ महिने. आपल्याकडे २०१७च्या दुरुस्तीनंतर आईला २६ आठवडे भरपगारी रजा आहे, ती चांगलीच आहे, पण बापासाठी खासगी कंपनीत कायद्याने काहीच नाही. तिकडे बाप सकाळी बाबागाडी ढकलत जाताना दिसतात आणि त्याकडे कुणी वळून बघत नाही.

मिळत नाही तेही ऐक. तज्ज्ञ डॉक्टरची वेळ आठवडेच्या आठवडे मिळत नाही. रविवारी दुकानं बंद असतात, कोथिंबीर संपली तर संपली. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो. आणि न सांगता दार वाजवून ‘जरा वाटीभर साखर दे गं’ म्हणत कुणीही येत नाही. बाळंतपणात हे फार जाणवतं. तिथे तुला तेल लावून आंघोळ घालणारी बाई मिळणार नाही. सरकारी विम्यातून घरी येणारी सुईण मिळेल. ती येते, बाळाचं वजन करते, टाके बघते, धीर देते. चांगली सोय आहे. पण चार महिने तुम्ही दोघंच असाल हे धरून चाल.

पैशाचं. युरो शंभर रुपयांच्या आसपास असल्यामुळे सगळे पगाराला शंभराने गुणतात आणि तिथेच फसतात. समज तुला वर्षाला ६०,००० युरोंची नोकरी मिळाली. कागदावर ६० लाख. नवऱ्याची कमाई नसताना, लग्न झालेल्यांना मिळणारा तिथला करवर्ग धरून, आरोग्य विमा, पेन्शन आणि कर कापून हातात महिन्याला साडेतीन हजार युरोच्या आसपास येतील. म्युनिकमध्ये दोघांच्या साध्या घरालाच दीड-दोन हजार सहज जातात. लाइपझिगसारख्या शहरात बरंच कमी. त्यातून इथला ५९ हजारांचा हप्ता म्हणजे जवळपास सहाशे युरो. उरेल, पण एकट्या पगारावर फार उरणार नाही. आज तुझ्या २४ लाखांच्या जोडीला क्लिनिकचे पैसे येतात हे विसरू नकोस. म्हणजे नुसता हिशेब मांडला तरी आपण त्या ओळीपाशीच येतो.

आता एजंट. कॅनडाचं पीआर ‘एक्स्प्रेस एंट्री’ नावाच्या गुणांच्या पद्धतीने मिळतं; सरकार वेळोवेळी फेऱ्या काढून जास्त गुणवाल्यांना बोलावतं. त्यात गुण कसे मिळतात ते सरकारच्या संकेतस्थळावर उघड आहे, घरी बसून मोजता येतात. मी तुझे मोजले. नवरा बरोबर धरून ३१व्या वर्षाचे ९०, पदवीचे ११२, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्याला ८ आणि बाकी तिन्हींत ७ आले तर भाषेचे ११६. अनुभवाचे, पदवी आणि भाषेच्या जोडीचे, नवऱ्याच्या शिक्षणाचे आणि इंग्रजीचे धरून बेरीज ४२० च्या आसपास थांबते. २०२४ साली सर्वसाधारण फेऱ्यांत ५२०च्या वर गुण असलेल्यांनाच बोलावणं आलं. पूर्वी नोकरीच्या ऑफरचे जादा गुण मिळायचे, तेही मार्च २०२५ पासून बंद. कॅनडाने नव्या लोकांची संख्याही कमी केली आहे. २०२५साठी पाच लाखांचं ठरवलेलं उद्दिष्ट ३,९५,०००वर आणलं. तेव्हा हा माणूस ‘नक्की’ कशाच्या जोरावर म्हणतो? वयाचे गुण दर वर्षी पाचाने कमी होतात हे खरं आहे. पण शंभर गुणांची खिंडार असताना पाच गुणांची भीती घालून साडेतीन लाख काढून घेणं, याला मी सल्ला म्हणणार नाही. कॅनडाच हवं असेल तर त्याची वाट फ्रेंचमधून जाते. फ्रेंच येणाऱ्यांच्या वेगळ्या फेऱ्या होतात आणि २०२५मध्ये त्या चारशेच्या आसपासही उतरल्या. साडेतीन लाखांत तुम्ही दोघं मुंबईत बसून पुष्कळ फ्रेंच शिकाल.

आणि एजंट जर परदेशात नोकरी लावून देतो म्हणत असेल, तर १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली त्याची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येते आणि अशा एजंटला उमेदवाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. त्याला नोंदणी क्रमांक विचार. चहाचा कप टेबलावर ठेवून तो काय बोलतो ते ऐक आणि उठून ये.

अपॉर्च्युनिटी कार्ड ही योजना खरी आहे, जर्मनीने १ जून २०२४ पासून सुरू केली. नोकरी हातात नसताना तिकडे जाऊन एक वर्ष शोधता येते, आठवड्याला २० तास किरकोळ काम करता येतं. मात्र वर्षभराच्या खर्चासाठी १३,००० युरोंच्या वर रक्कम आधीच खात्यात अडकवून दाखवावी लागते. चोवीस-पंचवीस वर्षांच्या मोकळ्या मुलाला मी म्हणेन, जा बाबा. तुझ्यावर हप्ता आहे. चालती नोकरी सोडून १३ लाख अडकवून तिकडे अर्ज करत बसण्यापेक्षा इथल्या खुर्चीत बसून अर्ज कर.

तुझ्यासाठी सरळ रस्ता ईयू ब्ल्यू कार्डाचा, म्हणजे शिकलेल्या परदेशी कामगारांसाठीच्या युरोपीय परवान्याचा आहे. कंपनीचा करार हातात हवा आणि पगार ठरावीक मर्यादेच्या वर हवा. २०२५ साली ती वर्षाला ४८,३०० युरो होती, संगणक क्षेत्रासारख्या माणसांची टंचाई असलेल्या कामांना त्याहून कमी, आणि ती दर वर्षी वाढते. तुझी पदवी आणि तुझं विद्यापीठ तिथे मान्य आहे का ते अनाबिन नावाच्या माहितीसाठ्यात बघता येतं, फुकट. ब्ल्यू कार्डावर २७ महिने काम केलं की कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, बी-१ पातळीचं जर्मन आलं तर २१ महिन्यांतच (भाषेच्या पातळ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा वर चढत जातात). आणि तुझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट: ब्ल्यू कार्डवाल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करायची मुभा असते, व्हिसासाठी आधी भाषेची परीक्षाही लागत नाही. आमच्या वेळी हे नव्हतं. असतं तर कदाचित मी तो जिना इतका घासला नसता.

पण मुभा असणं आणि काम असणं यात अंतर आहे, आणि फिजिओथेरपिस्टच्या बाबतीत ते फार मोठं आहे. तू डेटा इंजिनीअर आहेस, तुला कुणी ‘तुमचा परवाना दाखवा’ म्हणत नाही. फिजिओथेरपी हा तिकडे परवान्याचा व्यवसाय आहे. ज्या राज्यात राहाल तिथल्या अधिकाऱ्यांकडून त्याला आपलं शिक्षण मान्य करून घ्यावं लागतं. त्यासाठी बीपीटीएच या फिजिओथेरपीच्या पदवीच्या साडेचार वर्षांचे गुणपत्रक, कुठल्या विषयाचे किती तास झाले त्याचा तपशील, इंटर्नशिपचा दाखला, राज्य परिषदेची नोंदणी, हे सगळं शपथबद्ध भाषांतरकाराकडून जर्मनमध्ये करून द्यायचं. तफावत निघाली तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. शिवाय बी-२ पातळीचं जर्मन. रुग्ण म्हणतो, “इथे दुखत नाही, ओढल्यासारखं होतं,” यातला फरक त्याच्या भाषेत कळला पाहिजे ना! हे सगळं होईपर्यंत त्याला तिथे फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेता येत नाही.

चांगली बाजू अशी की तिथे फिजिओथेरपिस्ट कमी आहेत, परवाना हातात आला की काम मिळतं. वाईट बाजू तू त्याला आधी सांग, नंतर त्याला कळण्यापेक्षा. तिकडे हे शिक्षण बहुतेक करून पदवीचं नाही, तीन वर्षांच्या व्यवसाय प्रशिक्षणाचं आहे. फिजिओथेरपिस्ट सहसा डॉक्टरच्या चिठ्ठीवर काम करतो. चिठ्ठीवर उपचार लिहिलेला, किती वेळा करायचा ते लिहिलेलं, एकेका माणसाला वीसेक मिनिटं. तुझा नवरा आज स्वतः तपासतो, स्वतः ठरवतो, दारावर त्याच्या नावाची पाटी आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी त्याला ‘डॉक्टर’ म्हणतात आणि जाताना हातावर लाडू ठेवतात, असं तूच पत्रात पुढे कुठेतरी सहज लिहून गेली आहेस. ती पाटी उतरवायची आहे, काही वर्षांसाठी का होईना. त्याला ते चालेलही. कित्येकांना चालतं, मोठ्या हॉस्पिटलात शिकायला मिळतं म्हणून हौसेने जातात. पण तो निर्णय त्याचा आहे आणि तो त्याने डोळे उघडे ठेवून घेतला पाहिजे. तुझ्या पगाराचा आकडा बघून मान डोलावली, असं व्हायला नको. मी डोलावली होती.

म्हणून मी असं करेन. दोघांनीही याच महिन्यात जर्मन सुरू करा. काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनाचे ऑनलाइन वर्गही असतात, रोज फोर्टला जायला नको. तू कामाबरोबर ए-२ पर्यंत आलीस तरी खूप झालं. त्याला बी-२ हवं आहे; क्लिनिक चालवत सव्वा-दीड वर्ष लागेल. तेवढ्यात तू अर्ज कर, मुलाखती दे. तुझा करार झाला आणि तो अजून बी-१वर असेल तर तू पुढे जा, तो सहा-आठ महिन्यांनी येईल. लग्नानंतर वेगळं राहायचं म्हणून सगळे नाकं मुरडतील, पण ते महिने त्याच्या कामाचे आहेत: भाषा पुरी होते, कागद होतात, आणि क्लिनिक बंद न करता एखाद्या हाताखालच्या फिजिओकडे चालवायला देता येतं. परत यायची वेळ आलीच तर त्याला उभं राहायला जागा राहते. आमच्या वेळी माझी खुर्ची दुसऱ्या कुणीतरी घेतली होती आणि बँकेत वय उलटून गेल्यावर पुन्हा आत जाता येत नाही.

आईवडिलांचं. पत्रात पुराचा उल्लेख एका ओळीत आला, पण तो आला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा रस्ते, रेल्वे बंद होते, आणि तू ठाण्यात असूनही लगेच पोचू शकली नसशील. तेव्हा मनाला लागलं ते अंतर नव्हतं, फोन लागत नव्हता ते लागलं. ते जर्मनीतही लागेल आणि जास्त लागेल. २००५ साली माझ्या बाबांचा हात मोडला होता. मला कळलं तेव्हा प्लास्टर काढून झालं होतं. दर रविवारी फोनवर बोलायचे, आवाज ठणठणीत. फोनवर हात दिसत नाही. म्हणून आत्ताच आईबाबांशी बोलून एक गोष्ट ठरव: वाईट बातमी त्याच दिवशी सांगायची. आणि चिपळूणमध्ये एक माणूस असा शोध की जो तू न सांगता घरी जाऊन बघून येईल. मावसभाऊ असेल, शेजारी असेल, ज्याच्याकडे घराची किल्ली असेल असा.

त्यांना तिकडे आणायचं म्हणशील तर पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. ज्यांना १ मार्च २०२४ पासून पुढे पहिला परवाना मिळाला अशा कुशल कामगारांना आईवडील किंवा सासू-सासरे कायमचे बोलावता येतील अशी तरतूद आता झाली आहे, पण उतारवयातल्या माणसांना तिथला आरोग्य विमा मिळवणं इतकं जड जातं की त्यावर बेत आखू नकोस. कळव्याच्या सासू-सासऱ्यांना मुलाने सांगावं, तू नाही. एजंटकडे जाण्याआधी हे बोलणं व्हायला हवं होतं. ते बाहेरून कुणाकडून कळलं तर पुढची दहा वर्षं त्याचीच चर्चा होईल.

निघताना करायच्या बारीक गोष्टी इतक्या आहेत की त्यासाठी वेगळा लेख लागेल. इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांसाठीचं खातं, करून घ्यायचं. पीपीएफ असेल तर मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही. फ्लॅट भाड्याने दिलात तर परदेशी राहणाऱ्या मालकाच्या भाड्यातून भाडेकरूला कर कापून भरावा लागतो, त्यामुळे करार करतानाच त्याला समजावून सांग. आणि बाबांना चिपळूणजवळ तुझ्या नावावर आंब्याची चार कलमं लावायला जमीन घ्यायची असेल तर निघण्याआधी घ्या. परदेशात राहायला गेल्यावर शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही.

आता एक कर. शुक्रवारी रात्री नको, तू दमलेली असतेस. रविवारी क्लिनिक बंद झाल्यावर तिथेच जाऊन बस, त्याच्या जागेत. हे सगळं कागदावर घेऊन जा, चांगलं-वाईट दोन्ही, आणि त्याला विचार की तिथे गेल्यावर पहिल्या वर्षी सोमवारी सकाळी दहा वाजता तू काय करत असशील. तो लगेच ‘बघू गं’ म्हणेल. त्यावर उठू नकोस. त्याला विचार करायला महिना दे, दोन दे. पुढचं पत्र मला त्याने लिहावं असं वाटतं.

तुझी,
ताई

ता. क. : एक काम मात्र उद्यापासूनच सुरू कर, उत्तर काहीही येवो. तुझ्या मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रकावर नाव आडनाव आधी, मग तुझं, मग वडिलांचं, मग आईचं असं असेल. पासपोर्टवर लग्नानंतरचं. लग्नाच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी. परदेशातल्या अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बायका वाटतात. सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांड, अक्षर न् अक्षर जुळव. लग्नाच्या दाखल्यात चूक असेल तर महापालिकेत, पासपोर्टात असेल तर वागळे इस्टेटच्या सेवा केंद्रात दुरुस्त करून घे. कलिन्याच्या विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा प्रमाणित उतारा, मागव, सीलबंद पाकिटांचे दोन संच जास्तीचे घे. आणि ते पाकीट उत्सुकतेने फोडून बघू नकोस. माझ्या भाचीने फोडलं होतं, तिला पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं.